नैराश्याचा रुग्ण तपासताना या चुका टाळा

नैराश्याचा रुग्ण माझ्याकडे थेट असा क्वचितच येतो. तो येतो तेव्हा त्याच्या किंवा सोबत आलेल्या भावाच्या हातात कापडाच्या दुकानातली एक पिशवी असते आणि तिच्यात वर्षभराची सगळी धावपळ कोंबलेली असते: डोक्याचा सीटी स्कॅन, पोटाची सोनोग्राफी, तीन-चार ईसीजी, ताकदीच्या सलाईनची बिले आणि वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या, दहा-दहा दिवसांनी बदललेल्या चिठ्ठ्या. मी ती पिशवी टेबलावर उलटी करतो आणि चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावतो, कारण आपण डॉक्टर मंडळी कुठे चुकलो ते तिथेच दिसते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवून दिले की नैराश्य आणि चिंतेसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नाहीत. जे थोडे जण दारापर्यंत येतात त्यांचे तरी नीट व्हावे, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. मुख्यतः ग्रामीण रुग्णालयांत नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी लिहितो आहे. नातेवाइकांनी वाचले तरी हरकत नाही.

पुस्तकी प्रश्न

मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेला माणूस "मी उदास आहे" असे म्हणत नाही. तो म्हणतो की करमत नाही, जीव घाबरा होतो, अंगात त्राण राहिले नाही, डोके बधिर झाल्यासारखे वाटते, पोटात आग पडते. त्याला "तुम्हाला नैराश्य वाटते का?" असे विचारणारा डॉक्टर "नाही" हे उत्तर घेऊन मोकळा होतो आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून देतो. निदानाचे निकष सोपे आहेत: नऊ लक्षणांपैकी किमान पाच, सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, आणि त्यांत मन उदास असणे किंवा कशातच गोडी न वाटणे यांपैकी एक असलेच पाहिजे. अडचण निकषांची नाही, ते विचारण्याच्या भाषेची आहे. गोडी गेली का, हे मी सरळ विचारत नाही. मी विचारतो, "यंदा पोळ्याला बैल कुणी सजवले?" एका शेतकऱ्याने यावर बराच वेळ जमिनीकडे पाहिले आणि मग सांगितले की बैल पोराने धुतले आणि झुलीही त्यानेच घातल्या, "मी बाजेवरून उठलोच नाही." माझ्या दृष्टीने तेवढे पुरे होते.

पीएचक्यू-९ हा नैराश्य मोजण्याचा नऊ प्रश्नांचा, सत्तावीस गुणांचा तक्ता चांगला आहे आणि दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की संशय घ्यावा हेही खरे. पण बाहेर बाकावर कंपाउंडरने भरून घेतलेला तक्ता म्हणजे निदान नव्हे. हिमोग्लोबिन सात असलेल्या ऊसतोड बाईला थकवा, झोप, भूक आणि एकाग्रता या चार प्रश्नांवरच पुष्कळ गुण मिळतात. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि शक्य असेल तर बी-१२ तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. दारू किती आणि केव्हापासून, हेही विचारावे, आणि ते बायकोसमोर विचारू नये.

'चढलेले' दिवस न विचारणे

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, कारण ती मी स्वतः केलेली आहे. रुग्णाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगतो.

प्रशिक्षण संपवून मी नुकताच ओपीडीत बसू लागलो होतो. चोविशीतला एक तरुण मामाबरोबर आला. मोबाइल दुरुस्तीचे दुकान तीन आठवडे बंद होते, पोरगा दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहायचा, बोलायचा नाही, जेवणावरून उठून जायचा. चित्र इतके स्वच्छ होते की मी दहा मिनिटांत निदान केले, नैराश्यावरचे एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम लिहिले आणि बाहेरची रांग पाहून पुढच्या रुग्णाला हाक मारली. तिसऱ्या आठवड्यात मामा एकटेच आले. "साहेब, तुमची गोळी लई लागू पडली," ते म्हणाले, "पण आता ह्यो झोपंनाच." पोराने हप्त्यावर मोटारसायकल घेतली होती, एका जुन्या ट्रॅक्टरचा इसार देऊन टाकला होता आणि रात्री दोन वाजता दुकान उघडून मोठ्याने गाणी लावून बसत होता. मी घाबरून विचारले, असे पूर्वी कधी झाले होते का? मामा अगदी सहज म्हणाले, "व्हय, दोन सालाखाली गणपतीत बी झालतं. तवा तर गावजेवण घालाया निघाला होता. आम्ही म्हणलं, पोरगं जोरात हाय."

म्हणजे तो द्विध्रुवी विकार होता, ज्यात कधी उदासी तर कधी उन्माद येतो, आणि त्याच्या उदास टप्प्यात मी नुसते नैराश्याचे औषध देऊन त्याला उन्मादात ढकलायला मदत केली होती. माहिती घरात होती, मामांच्या ओठांवर होती. एका प्रश्नाचे अंतर होते. गोळी बंद करून पोराला दाखल करावे लागले, मनाचे चढउतार आवरणारे लिथियम सुरू झाले, ठीक व्हायला दोन महिने लागले. इसार परत मिळाला नाही. मोटारसायकलीचे हप्ते फेडताना आईची पोत गहाण पडली, हे मला पुष्कळ नंतर कळले.

तेव्हापासून पहिली चिठ्ठी लिहिण्याआधी हा प्रश्न मी तिघांना विचारतो: रुग्णाला, घरातल्या एका बाईला आणि बरोबर कुणी मित्र असेल तर त्याला. तीन-चार तासच झोप घेऊनही थकवा नाही, बोलणे थांबत नाही, खर्चाला धरबंध नाही, असे सलग चार-पाच दिवस कधी गेले का? चुलते, आजोबा, मावशी यांपैकी कुणी असे होते का? पंचविशीच्या आत सुरुवात, पुन्हापुन्हा येणारे झटके, बाळंतपणानंतर लगेच झालेले आजारपण किंवा नेहमीपेक्षा जास्त झोप आणि भूक दिसली, तर मी जास्तच खोदून विचारतो. 'वेळ नाही' ही सबब मला मान्य नाही. या चौकशीला चार मिनिटे लागतात, मी घड्याळ लावून पाहिले आहे.

तरुण रुग्णांबाबत आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी नैराश्याच्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही. पुढची तारीख महिन्याची न देता आठवड्याची द्यावी, एवढाच आहे.

"तसले काही विचार नाहीत ना?"

असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते. आत्महत्येबद्दल विचारले तर ती कल्पना डोक्यात शिरते, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बहुतेकांना हलके वाटते. मी पायरीपायरीने जातो. सकाळी जाग आली नसती तर बरे झाले असते, असे वाटते का? स्वतःचा जीव संपवावा असे मनात येते का? काही ठरवले आहे का? पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का? आणि आजवर कशाने थांबलात? हे सगळे रुग्णाला एकटे घेऊन विचारायचे असते. नवरा आणि सासू यांच्यामध्ये बसून पहिल्या चारही प्रश्नांना मान हलवून नाही म्हणणारी एक बाई मला आठवते. मी दोघांना केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवले आणि दार लागताच ती म्हणाली, "रोजच येतंय मनात."

यापुढचा प्रश्न मात्र नवशिके हमखास विसरतात: फवारणीचे औषध घरात कुठे ठेवले आहे? आपल्याकडे कीटकनाशकालाही 'औषध'च म्हणतात आणि कापूस-सोयाबीनच्या घरात ते धान्याच्या कोठीशेजारी, खताच्या पोत्याआड, हाताला येईल असे पडलेले असते. आत्महत्येची लहर पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो. म्हणून भावाला समोर बसवून मी विचारतो की ते आज कोण हलवणार आहे आणि कुणाच्या घरी कुलपात ठेवणार आहे, आणि तो 'बघतो' म्हणाला तर तिथूनच घरी फोन लावायला सांगतो. हे काम त्याच संध्याकाळी झाले पाहिजे. माझ्या गोळ्याही मी सुरुवातीला आठवड्यापुरत्याच देतो आणि त्या घरच्या माणसाने जवळ ठेवायच्या असतात. ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची जुनी औषधे तर जादा घेतली गेली तर हृदयाला धोकादायक ठरतात.

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथेवर विसंबून घरी निघालेले नातेवाईक मी अनेकदा दारातून परत बोलावले आहेत. शपथ हा उपचार नाही. पोलिसांच्या भीतीने आधीचा प्रयत्न लपवणाऱ्यांना मी सांगतो की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ प्रमाणे, उलट सिद्ध होत नाही तोवर, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही. चिठ्ठीच्या मागे मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहितो. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

औषधांच्या बाबतीत

सगळ्यात लोकप्रिय आडवाट म्हणजे 'प्लस' गोळी, म्हणजे एस्सिटॅलोप्राम आणि झोप आणणारे क्लोनाझेपाम एकत्र. पहिल्याच रात्री झोप लागते, रुग्ण खूश होतो, डॉक्टरचे नाव होते. आणि सहा महिन्यांनी क्लोनाझेपाम काढायची वेळ आली की दोन्ही एकाच गोळीत बांधलेली असतात. झोपेची गोळी लागलीच तर मी ती वेगळी लिहितो, फार तर दोन आठवड्यांसाठी, आणि बंद करण्याची तारीख त्याच चिठ्ठीवर टाकतो. अल्प्राझोलाम या त्याच जातीच्या गोळीला मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीचे, म्हणजे चिठ्ठी पाहून आणि नोंद ठेवूनच विकण्याचे, बंधन आहे, तरीही वर्षानुवर्षे तीच एक गोळी चघळणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात आणि त्यांच्या नैराश्यावर मात्र कुणी काहीच केलेले नसते.

दुसरी घाई औषध बदलण्याची. पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब, थोडी बेचैनी होते. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पुरेशा मात्रेत चार ते सहा आठवडे दिल्याशिवाय औषध निकामी ठरवू नये. हे रुग्णाला आधीच सांगितले नाही, तर तो आठव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक देऊ नये. म्हातारा माणूस गोळी सुरू झाल्यावर गोंधळू लागला तर 'वय झाले' म्हणण्याआधी रक्तातले सोडियम उतरले आहे का ते तपासावे. जेवणपाणी सोडलेल्या रुग्णाच्या बाबतीत विजेच्या उपचाराला उशीर करणे ही दयाळूपणाच्या नावाखाली केलेली चूक आहे. २०१७च्या कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करण्यास बंदीच आहे, त्यामुळे सिनेमात पाहिलेले दृश्य मनातून काढून टाकावे. "पॉझिटिव्ह विचार करा" हे वाक्य कुणीही उच्चारू नये.

बोलण्याच्या उपचारांना आमच्याकडे माणसे नाहीत, ही तक्रार अर्धीच खरी आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णाला हळूहळू कामाला लावले आणि त्याचा फायदा झाला, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. मी चिठ्ठीवर औषधांच्या खाली दोन कामे लिहितो, उदाहरणार्थ 'सकाळी गोठ्यापर्यंत जाऊन येणे' आणि 'गुरुवारी बाजारात पंधरा मिनिटे'. पुढच्या वेळी आधी कामांची चौकशी करतो, मग गोळ्यांची.

बरे वाटले म्हणून बंद

'गोळीची सवय लागते' असे शेजाऱ्याने सांगितले की दोन महिन्यांत बरा झालेला माणूस औषध एका दिवसात सोडतो. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके सुरू होतात, आणि शेजारी म्हणतो, बघा, सवय लागलीच होती. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांत हा त्रास जास्त, फ्लुओक्सेटिनमध्ये कमी. पूर्ण बरे वाटू लागल्यानंतर पहिल्या झटक्याला सहा ते नऊ महिने आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या आजाराला किमान दोन वर्षे औषध चालू ठेवावे आणि नंतर काही आठवड्यांत हळूहळू उतरवावे. उतरवण्याची सुरुवात मी पेरणीच्या तोंडावर, कर्जाच्या हप्त्याच्या महिन्यात किंवा घरात लग्न असताना कधीच करत नाही. सोयाबीन घरात येऊन त्याचे पैसे हातात पडले की मगच पहिली अर्धी गोळी कमी होते, आणि तोवर रुग्णाने कितीही आग्रह केला तरी मी चिठ्ठीवर तीच मात्रा पुन्हा लिहितो.