घरी स्पिरुलिना वाढवायचीय? आधी पाणी नीट बघा

स्पिरुलिना सुरू करताना सगळे विचारतात की टाकी कुठली घेऊ, पंप कुठला घेऊ, पण माझ्या मते निम्मं काम पाण्यातच होतं. हे खायचं शेवाळ म्हणजे खरं तर एक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर वाढणारा जिवाणू आहे आणि त्याला खारं, सोड्याचं पाणी लागतं, पीएच ९ ते १०.५. इतक्या पीएचला बाकीचे बरेच जंतू आणि शेवाळं टिकत नाहीत, आपल्या टाकीला संरक्षण मिळतं ते यातूनच.

आता पाणी कुठलं घ्यायचं ते बघू. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की उडून जातं. पण काही ठिकाणी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरतात आणि ते असं ठेवून जात नाही, तिथे कार्बन फिल्टर लावा किंवा थोडं व्हिटॅमिन सी टाका. आरओचं आणि पावसाचं पाणी एकदम मऊ, फक्त त्यात खनिजं जवळजवळ नसतात म्हणून ती आपण घालायची, आणि पावसाचं घेणार असाल तर पहिल्या सरीचं, छतावरची घाण धुऊन आलेलं पाणी घेऊ नका.

बोअरच्या पाण्याने माझी पहिली टाकी बिघडली होती. सोडा टाकल्यावर दोन दिवसांत तळाशी पांढरा गाळ बसला, मला वाटलं सोडाच विरघळला नाही, पण तो पाण्यातला कॅल्शियम होता आणि तो बसताना फॉस्फेटही घेऊन बसतो, म्हणजे आपण टाकलेलं खत वाया. तेव्हापासून जड पाणी असेल तर मी ते आधी उकळते, गार करते, रात्रभर बसू देते आणि वरचं नितळ पाणी अलगद काढून घेते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याहूनही जास्त, त्यामुळे घरच्या प्रयोगाला ते नकोच. आणि तळं, ओढा, कारखान्याजवळची विहीर यातलं पाणी अजिबात नको, कारण स्पिरुलिना पाण्यातले जड धातू शोषून घेते आणि आपण तीच खाणार असतो.

पाणी ठरलं की मिश्रण. २० लिटरला खायचा सोडा ३२० ग्रॅम, साधं मीठ २० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ४० ग्रॅम, मोनोअमोनियम फॉस्फेट २ ग्रॅम, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) ४ ग्रॅम आणि अगदी चिमूटभर चिलेटेड आयर्न, म्हणजे पाण्यात विरघळून राहणारं लोह. बेकिंग पावडर नाही हं, सोडाच! शेतीचं खत स्वस्त पडतं पण त्यात काय काय असेल सांगता येत नाही, म्हणून खाण्यायोग्य ग्रेडचंच घ्या.

बियाणं म्हणजे जिवंत कल्चर, ते विश्वासाच्या ठिकाणाहून आणा आणि सगळं पाणी एकदम ओतू नका. सुरुवातीला जेवढं कल्चर त्याच्या दुप्पट-तिप्पट मिश्रण, मग पाणी गडद हिरवं झालं की पुन्हा तेवढंच, असं वाढवत न्या. पातळ कल्चर कडक उन्हात करपतं म्हणून पहिला आठवडा सावलीची जाळी लावा. पाण्याची खोली १५-२० सेंमी पुरे, तापमान ३० ते ३७ अंश, २० च्या खाली वाढ जवळपास थांबते. दिवसातून चार-पाच वेळा हलवा किंवा छोटा एअर पंप चालू ठेवा.

सकाळी हलवायच्या आधी टाकीत डोकावून बघा, वर हिरवी साय आलेली दिसते. तिचा एक थेंब पांढऱ्या बशीवर घेतला की बारीक बारीक धागे डोळ्यांनाही दिसतात. पहिल्यांदा खाण्याआधी मात्र मायक्रोस्कोपखाली बघाच, स्प्रिंगसारखे वळलेले धागे असले पाहिजेत, आणि मध्ये गोल-गोल वेगळंच काही दिसलं, पाणी पिवळं पडलं किंवा कुजका वास आला तर मोह नको, टाकून द्या.

काठीला पांढरी चकती लावून पाण्यात बुडवा, २-३ सेंमीवर ती दिसेनाशी झाली की काढणीला आली. सकाळीच काढा, ३०-५० मायक्रॉनच्या कापडातून गाळा, गाळलेलं पाणी परत टाकीत, कापडातला लगदा दाबून उरलेलं पाणी काढा. एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त काढू नका.

उन्हाने पाणी उडतं पण क्षार टाकीतच राहतात, म्हणून कमी झालेलं पाणी भरताना आरओचं किंवा पावसाचंच वापरा, बोअरचं ओतत राहिलात तर दर आठवड्याला कॅल्शियम वाढत जाणार.

ताजा लगदा फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, नाहीतर शेवयांसारखा पाडून ६० अंशांच्या आत वाळवा. फेनिलकीटोन्युरिया (प्रथिनांतलं फेनिलअ‍ॅलॅनिन शरीराला न पचणारा जन्मजात आजार) असलेल्यांनी खाऊ नये, गरोदर बायका आणि ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे) किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच, आणि व्हिटॅमिन बी१२ साठी यावर विसंबू नका, यातलं बहुतेक बी१२ आपल्या शरीराला वापरता येत नाही.