साताऱ्याहून हिमकण आणि वासोटा: दोन दिवसांची हिवाळी सफर कशी आखावी

डिसेंबर सरत आला की पेपरात ठरलेली बातमी येते: ‘महाबळेश्वरला दवबिंदू गोठले’. फोटो बघून लोक गाडी काढतात, दहाच्या उन्हात वेण्णा लेकवर पोचतात आणि भाजलेलं कणीस खाऊन परत फिरतात. आमच्या घरानेही दोन वर्षं हेच केलं. हिमकण उन्हाआधीचे, तासा-दीड तासाचे पाहुणे. म्हणून आधी रात्र ठरवा. रस्ता, डबा, सोबत सगळं मागून.

रात्र कशी ओळखायची

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर हा भरवशाचा काळ. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला हवा. ढग असले की जमिनीची ऊब पांघरुणाखाली राहावी तशी खालीच राहते, आणि वारा सुटला की गार हवा साचत नाही. गावात पारा सात-आठ अंशांवर आहे म्हणून बेत रद्द करू नका. तो पारा माणसाच्या उंचीवरच्या हवेचा असतो. गवताचं पातं रात्रभर आकाशाकडे ऊब सोडून त्याहून बरंच थंड पडतं. शिवाय गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात येऊन बसते. बाजारपेठेत काही नसतं, तेव्हा तिथल्या जेटीच्या फळ्या पांढऱ्या झालेल्या असतात.

माझी कसोटी घरगुती आहे. रात्री दहाला साताऱ्यातच गच्चीवर जायचं. चांदण्या लख्ख असतील आणि दोरीवरचा टॉवेल हलत नसेल, तर पहाटे तीनचा गजर लावायचा.

पहाटेचा रस्ता

चारला निघा. जाताना मेढा आणि केळघर घाट, येताना पाचगणी, पसरणी घाट आणि वाई. वाईकडचा रस्ता अंधारात मला नको वाटतो: गाळप हंगाम असतो आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागे लाल दिवा नसताना अचानक पुढ्यात येतो. घाटात धुकं लागलं तर अप्पर मारू नका, समोर पांढरी भिंतच दिसते.

सव्वासहापर्यंत पोचलात की बस्स. जेटीवर जपून पाय टाका, फळ्या निसरड्या असतात. उभ्या गाडीच्या टपावर नख ओढून बघा, मिठासारखा थर कुरकुरत निघतो. काचेवरच्या थरावर गरम पाणी मात्र ओतू नका, काच तडकते. स्ट्रॉबेरीच्या रानात न विचारता शिरू नका. आपल्याला कौतुक असतं, पण त्याच गारठ्याने त्या शेतकऱ्याची फुलं करपतात.

थंड देशांत गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकतात. माणूस उभा राहायला तिथे किमान १० सेंटिमीटर बर्फ लागतो. आपल्याकडे तळं गोठत नाही, गोठतं ते काठावरचं दव.

दुसरा दिवस: बामणोली आणि वासोटा

पहिल्या दिवशी दुपारी घरी येऊन झोपा. दुसऱ्या दिवशी कासमार्गे बामणोली, साधारण ३५ किलोमीटर. कासवर फुलं नसतात, वाळलं गवत असतं. थांबू नका, आठला बामणोलीत हवं. तिथे वनखात्याची परवानगी घ्यायची, त्यासाठी ओळखपत्र न्या. बोट अख्खी ठरवावी लागते, म्हणून दहा-बारा जण जमवलेले बरे. कोयनेच्या शिवसागर जलाशयातून तासा-दीड तासाचा प्रवास, मग वासोटा किल्ल्याची दोन-अडीच तासांची जंगलातली चढण. पहाटे हुडहुडी भरवणारी थंडी चढणीवर पहिल्या अर्ध्या तासात उतरते, तेव्हा एका जाड जॅकेटपेक्षा दोन पातळ कपडे घाला. माणशी दोन लिटर पाणी घ्या. प्लास्टिक जेवढं न्याल तेवढं परत आणा.

गळ घरीच ठेवा. हे कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. माशाची हौस बामणोलीत ताटात भागवा, पण जाताना सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. गडावर मुक्कामही करता येत नाही.

माथ्यावर बाबूकड्यासमोर बसून डबा उघडा, पण घड्याळ बघत. खाली नावाडी थांबलेला असतो, आणि अंधारात जलाशयातून बोट हाकायला तो तयार नसतो.