उंच गाडीत बसल्यावर काय काय दिसत नाही

सात सीटर गाडीत पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागी बसलेली बाई हमखास म्हणते, "किती उंच हाय, सगळं दिसतंय की!" लायसन आहे पण हात बसलेला नाही, अशा बायकांना मी त्यांच्याच गाडीवर सराव देते. पहिल्या दिवशी इंजिन चालू करू देत नाही. आधी बादली मागवते.

बादली बॉनेटला लागून ठेवायची, तुम्ही सीटवर बसायचं. घरातल्या कुणीतरी ती हळूहळू पुढं सरकवायची. काठ दिसला की "थांब" म्हणायचं, खाली उतरायचं आणि मधली जागा पावलांनी मोजायची. तेवढ्या जागेत खेळत बसलेलं पोर आरामात मावतं. गाडीच्या मागंही हेच करा, तिकडची जागा बहुतेक वेळा जास्तच निघते. मग सीट वर घेऊन पुन्हा मोजा. उंचीनं कमी असलेल्या बायका सीट पुढं ओढतात, पण वर घेत नाहीत. बऱ्याच गाड्यांत सीटच्या बाजूला त्यासाठी दांडा असतो, तो घरात कुणी दाखवलेलाच नसतो.

आरसे सीट बसवल्यावरच लावायचे, कारण सीट हलली की आरसे बिघडतात. मधल्या आरशात मागची काच पूर्ण बसवा. शेवटच्या रांगेत कुणी नसेल तर तिथले हेडरेस्ट खाली करा, आणि डिकीतल्या पिशव्या काचेच्या वर जाऊ देऊ नका. आता उजवा आरसा. डोकं उजव्या काचेला टेकवा आणि आरसा बाहेर वळवत न्या. आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल तिथं थांबा. डाव्यासाठी दोन सीटच्या मधोमध झुकून तेच करा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसणार नाही. पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटेल, वाटू दे. स्वतःचा दरवाजा बघून काय करायचंय?

खात्री करायची तर गाडी रस्त्याकडेला उभी करून मागून येणाऱ्या गाड्या बघा. मधल्या आरशातून निसटणारी गाडी उजव्या आरशात आलेली असली पाहिजे, आणि तिथून जाण्याआधी डोळ्याच्या कडेला दिसली पाहिजे. डाव्या आरशाची काच फुगीर असते, त्यामुळं त्यातली मोटरसायकल दिसते त्यापेक्षा जवळ असते. आपल्याकडं डावीकडून घुसणारे कमी नाहीत, तेव्हा वळण्याआधी मान वळवून एकदा बघाच. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेसारख्या अरुंद गल्लीत मात्र मी डावा आरसा थोडा खाली करते, म्हणजे मागचं चाक आणि गटाराची कड दिसते.

पुढच्या काचेच्या बाजूचे खांब हा वेगळाच त्रास. सायबर चौकात उजवीकडं वळताना त्या खांबाआड अख्खी स्कूटर लपते, आणि तिचा वेग आपल्याशी जुळला तर लपलेलीच राहते. उपाय साधा आहे: वळण्याआधी सीटवरच थोडं पुढं-मागं व्हायचं. आणि मधल्या आरशाला लटकवलेले हार, लिंबू-मिरची, पोराचे इवलेसे बूट काढून टाका. देव डॅशबोर्डवर बसवा, पण लहान आणि कडेला.

गगनबावड्याला पावसात जाणाऱ्यांसाठी काचेवरच्या वाफेचं सांगते. आधी बोट फिरवून बघा, वाफ आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर एसी चालू, हवेचा झोत पुढच्या काचेवर, आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण. आतलीच हवा फिरवत ठेवली तर सात माणसांचा श्वास आणि ओले रेनकोट काच पुन्हा धुरकट करणार. बाहेरून वाफ असेल तर उलटं: काच जास्त थंड झालेली असते. एसी कमी करा, झोत काचेवरून हटवा, वायपर मारा. मागच्या काचेवर बारीक आडव्या रेघा असतील तर त्या गरम करायचं बटण शोधून ठेवा.

रात्री समोरच्या दिव्यानं काच पांढरी होते, त्यात बराचसा दोष आतल्या तेलकट थराचा असतो. डॅशबोर्डवर चकाकीचं पॉलिश मारत असाल तर ते आधी बंद करा. साबणाचं थोडं पाणी ओल्या फडक्यावर घेऊन काच पुसा, मग कोरड्या फडक्यानं. आतून आडवं आणि बाहेरून उभं पुसलं की राहिलेली रेघ कुठल्या बाजूची ते लगेच कळतं. ऊसतोडणीच्या दिवसांत हे आठवड्याला करा. दिवा नसलेली ट्रॉली मळक्या काचेतून फार उशिरा दिसते. मधल्या आरशाखाली खटका असेल तर रात्री तो ओढा, मागचा झगझगाट मरतो.

काळी फिल्म लावायला मात्र कुणाचं ऐकू नका. नियमानं पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत आला पाहिजे. दंड सोडा, पावसाळी संध्याकाळी काळ्या काचेतून आरसासुद्धा धड दिसत नाही.

जोतिबाहून आलात आणि काचेवर गुलाल बसलाय तर कोरडा वायपर फिरवू नका. गुलालाखालची धूळ ओढली जाऊन काचेवर कमानीसारखे ओरखडे पडतात, आणि ते पॉलिशनंही नीट जात नाहीत. भरपूर पाणी ओता, वायपर उचलून त्यांचं रबर पुसा, मगच चालू करा.