सातबारा कोरा, पण जमीन? साइट असेसमेंटमध्ये येणाऱ्या भूशास्त्रज्ञांनो, या चुका टाळा

अक्कलकोट रोडला एका जागेचा माझा पहिला फेज वन रिपोर्ट, म्हणजे जागेचा इतिहास तपासून तिथे प्रदूषणाचा धोका आहे का हे सांगणारा अहवाल. सातबारा कोरा, पीकपाहणीत ज्वारी. ‘शेतजमीन, धोका आढळला नाही’ असं लिहून मी मोकळा झालो. वरिष्ठांनी एकच विचारलं, ‘कुंपणापलीकडे कोण होतं?’ मला सांगता येईना.

सोलापुरात ही चूक महागात पडते. 1877 साली जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून हे शहर सुतावर जगलंय. गिरण्या गेल्या, यंत्रमाग आले, डाईंग घराघरांत शिरलं. रंगाचा हौद कुठे होता, हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी जुनी उपग्रहचित्रं, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं आणि माणसं लागतात. नवखा पोरगा मालकाशी बोलून परततो. मालक खोटं बोलतो असं नाही. बऱ्याचदा त्यालाच ठाऊक नसतं. पूर्व भागात एखाद्या निवृत्त कामगाराच्या ओट्यावर बसा, तेलुगू येणारा मित्र सोबत न्या. ‘मामा, रंगाचं पाणी कुठं सोडत होता?’ ‘मागं, बाभळीकडच्या खड्ड्यात.’ त्या एका वाक्यानं बोअर कुठे घ्यायचा ते ठरतं.

फेज वनमध्ये नमुने घेत नाहीत. ते काम फेज टूचं. परदेशी खरेदीदार एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचं ई1527-21 हे फेज वनचं मानक मागतो आणि त्यानुसार मुलाखती, पाहणी, नोंदींची तपासणी 180 दिवसांहून जुनी चालत नाही. व्यवहार लांबला की तारखा आधी बघा.

आता आपल्या खऱ्या विषयाकडे, दगडाकडे. उन्हाळ्यात काळ्या मातीला खोल भेगा पडतात आणि पहिल्या पावसात वरचं सगळं थेट मुरमात उतरतं. म्हणून वरच्या अर्ध्या फुटाची माती स्वच्छ आली म्हणून हुरळू नका; मुरमातला नमुना घ्या. भूजल उताराच्याच दिशेनं जातं हे गृहीतकही बेसाल्टमध्ये फसतं. पाणी सांध्यांतून, दोन लाव्हा थरांच्या मधल्या फटीतून वाहतं, शेजारच्या बोअरचा पंप त्याला स्वतःकडे ओढतो. किमान तीन विहिरींची पातळी एकाच संदर्भापासून मोजल्याशिवाय नकाशावर बाण काढू नका.

मला सर्वांत जास्त टोचते ती पार्श्वभूमीची चूक. दख्खनच्या बेसाल्टमध्ये क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच असतं. एकूण क्रोमियमचा आकडा पाहून ‘दूषित’ असा शेरा मारला की एखाद्या गरीब विक्रेत्याचा व्यवहार विनाकारण मोडतो. त्याच मातीचा, कुणी हात न लावलेल्या जागेचा नमुना सोबत घ्या, आणि डाईंगचा संशय असेल तर षट्संयोजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) वेगळं तपासायला सांगा. पाण्यातलं ते लवकर बदलतं, त्यामुळे प्रयोगशाळेशी आधी बोलून चोवीस तासांच्या आत तपासणी होईल अशी सोय करा. मे महिन्यातल्या उन्हात बाटल्या गाडीच्या डिकीत टाकून पुण्याला नेणाऱ्यांना मी पाहिलंय. बर्फाची पेटी सकाळीच भरून निघा.

पेट्रोल-डिझेलच्या जुन्या टाकीजवळ डीटीएचनं (दाबाच्या हवेवर चालणाऱ्या हातोडा-यंत्रानं) बोअर मारून वर आलेल्या चुऱ्यावर इंधनातलं बेंझीन तपासू नका. दाबाच्या हवेनं ते आधीच उडून गेलेलं असतं. मातीत हाताचा ऑगर, म्हणजे हातानं फिरवायचा गिरमिट, चालतो. कठीण खडकात मात्र विहीर बसवून, ती नीट उपसून पाण्याचा नमुना घ्यावा.

आणि रिपोर्ट देताना दलालाचा फोन येतोच: ‘साहेब, तेवढी हौदाची ओळ काढा, गिऱ्हाईक बिचकेल.’ ओळ राहू द्या. तिच्याखाली लिहा: हौदाच्या तळाशी दोन बोअर, मुरमापर्यंत, तपासायचे घटक हे, अंदाजे खर्च इतका. गिऱ्हाइकाला बोलणी करायला आकडा मिळतो. माझ्याकडच्या अशा एका व्यवहारात विक्रेत्यानं भाव थोडा उतरवला आणि साफसफाईचा खर्च करारात लिहून घेतला गेला.