जबडा दुप्पट उंच झाला तेव्हा

गंगापूर रोडला एका डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या सरावासाठी खालच्या जबड्याचा थ्रीडी प्रिंट हवा होता. सीटी स्कॅनच्या चकत्या (शरीराच्या आडव्या छेदांची चित्रं) एकावर एक रचून त्रिमितीय आकार काढणारी माझी पायथन स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) तयारच होती. रात्रभर प्रिंट चालली. सकाळी डॉक्टरांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, "अहो, हा माणसाचा की घोड्याचा?"

अंबडच्या वर्कशॉपमधल्या मित्राचा व्हर्नियर आणला. रुंदी बरोबर. मागच्या उभ्या भागाची उंची मात्र 124 मिमी. सीटीच्या पडद्यावर 62. बरोब्बर दुप्पट! आधी उगाच प्रिंटरला शिव्या घातल्या होत्या.

चूक डायकॉम फाइल (स्कॅनची चित्रं ज्यात साठवतात ती) वाचण्यात होती. मी स्लाइस थिकनेस, म्हणजे चकतीची जाडी (1.25 मिमी), हेच दोन चकत्यांमधलं अंतर धरलं होतं. पण सीटीत चकत्या एकमेकींवर चढवूनही बनवतात, कौलं चढवतात तशा. इथे खरं अंतर 0.625 मिमी होतं. आता मी जाडीकडे बघतच नाही. प्रत्येक फाइलमधल्या 'इमेज पोझिशन पेशंट'चा, म्हणजे चकतीच्या जागेचा, तिसरा आकडा (उंचीचा) घेतो, त्यावरच चकत्या क्रमाने लावतो आणि शेजारच्या दोघींची वजाबाकी करतो. (स्कॅन तिरका असेल तर एवढ्यावर भागत नाही.) फाइलच्या नावावर क्रम लावू नका, 1 नंतर 2 ऐवजी 10 येतो.

एकच ओळ बदलली. दुसरा प्रिंट 62 भरला. घोड्याचा जबडा टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय.