आयटीआयत निदेशक व्हायचंय? मग सीआयटीएसच्या (आयटीआयत शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या) वर्षाबद्दल थोडं

आयटीआय झाली, अप्रेंटिसशिप झाली, चाकणला नाहीतर वाळूजला तीन-चार वर्षं काढली आणि आता शिकवण्याकडे वळायचं मनात आहे, अशी मुलं अधूनमधून माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला. "सर, काम तर हातचं आहे. मग पुन्हा वर्षभर शिकायला कशाला जायचं?"

नियमाच्या बाजूने उत्तर सरळ आहे. केंद्राच्या निकषांप्रमाणे दोन युनिटांना, म्हणजे तुकड्यांना, दोन निदेशक असतील, तर एक पदवी किंवा डिप्लोमावाला आणि दुसरा आयटीआय किंवा अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र असलेला हवा. म्हणजे आयटीआयवाल्यांची जागा राखून ठेवलेली आहे, तेव्हा डिप्लोमावाल्यांना बघून बिचकू नका. अनुभव पदवीला एक वर्ष, डिप्लोमाला दोन आणि आयटीआयला तीन वर्षं लागतो. आणि दोघांकडेही एनसीआयसी हवं, म्हणजे शिल्प निदेशकाचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. ते सीआयटीएस केल्यावर मिळतं. ही योजना तशी जुनी. निदेशक घडवणारी पहिली संस्था १९४८ मध्ये बिलासपूरजवळ कोनीला निघाली आणि आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना त्यानंतर, १९५० मध्ये आली. मुलांच्या आधी मास्तरांची सोय झाली होती!

प्रवेश अखिल भारतीय सामाईक परीक्षेतून होतो. मुंबईत चुनाभट्टीला एनएसटीआय, म्हणजे हा कोर्स चालवणारी केंद्र सरकारची संस्था आहे (जुने लोक अजून एटीआयच म्हणतात), आणि मुलींसाठी दादरच्या कासारवाडीत वेगळी संस्था आहे. ट्रेड (फिटर, टर्नर वगैरे) मात्र सगळीकडे सगळे नसतात. आधी आपला ट्रेड कुठे आहे ते बघा आणि मग शहराचा विचार करा. त्यासाठी चेन्नई, हैदराबाद किंवा कानपूरला जावं लागलं तरी जा. या केंद्रांशिवाय मान्यता असलेल्या काही सरकारी आणि खासगी संस्थाही हा कोर्स चालवतात. पण "फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो" असं फोनवर कुणी सांगितलं तर तो फोन ठेवून द्या. संस्थेची मान्यता केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या यादीत स्वतः तपासायची, एजंटने पाठवलेल्या फोटोवर विसंबायचं नाही.

वर्षात ट्रेडची थिअरी आणि प्रॅक्टिकल असतं, इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि वर्कशॉप कॅल्क्युलेशन असतं. त्यावर जास्त लिहीत नाही. आयटीआयवाल्यांना ड्रॉइंग जड जातं आणि डिप्लोमावाल्यांना व्हाइसवरचं (शिकंज्यावरचं) हातकाम. दोघांनी एकमेकांना धरून राहिलं तर दोघंही निघतात. खरा विषय आहे टीएम, म्हणजे ट्रेनिंग मेथडॉलॉजी. सुरुवातीला सगळे त्याची टिंगल करतात. लेसन प्लॅन लिहा, डेमो प्लॅन लिहा, उद्दिष्ट लिहा, फळ्यावर अक्षर कसं काढायचं तेही शिका. दहा वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला हे बालवाडीसारखं वाटतं.

एक उदाहरण देतो. फिटरच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला सपाट फायलिंग, म्हणजे कानशीने घासणं, शिकवायचं आहे. तुम्ही फाइल घेता, चार हात मारता, पृष्ठभाग सपाट होतो, आणि म्हणता, "बघितलंस? कर आता." मुलगा करतो आणि जॉब (घासायचा तुकडा) मधे उंच, कडांना उतरता होतो. मग तुम्ही ओरडता. पण त्याला दिसलं काय होतं? फक्त फाइल पुढे-मागे जाताना दिसली. स्ट्रोकच्या सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त असतो, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा होतो आणि शेवटी मागच्या हाताचा वाढतो, हे डोळ्यांना दिसतच नाही. तुमच्या हाताला ते इतकं सवयीचं झालेलं असतं की तुम्हालाही आठवत नाही.

टीएममध्ये हेच उलगडायला लावतात. आधी नेहमीच्या वेगाने एकदा करून दाखवायचं. मग सावकाश, प्रत्येक टप्पा बोलत. मग मुलाने सांगायचं आणि तुम्ही करायचं. शेवटी फाइल त्याच्या हातात. तुम्ही समोर उभे राहिलात तर त्याला सगळं उलटं दिसतं, म्हणून मुलांना आपल्या मागे किंवा बाजूला घ्यायचं. तपासताना ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावून जॉब उजेडाकडे धरायचा आणि फट कुठे दिसते ते त्यालाच विचारायचं. आपण बोट दाखवायचं नाही. वीस मुलांच्या तुकडीत हे शेवटचं सर्वात अवघड, कारण मागे आणखी पाच जण "सर, बघा ना" करत जॉब घेऊन उभे असतात.

सरावाचे पाठ आपल्याच बॅचसमोर घ्यावे लागतात. बॅचमध्ये बिहार, गुजरात, ओडिशाची माणसं असतात, त्यामुळे पाठ हिंदीत किंवा इंग्रजीत. गावाकडच्या मराठी मुलांची इथे सुरुवातीला दातखीळ बसते. बसू दे. पहिल्या पंधरवड्यातच हट्टाने आपला नंबर पुढे लावा, कारण तेव्हा सगळेच अडखळत असतात आणि कुणी हसत नाही. शेवटच्या महिन्यापर्यंत टाळत राहणाऱ्यांचे परीक्षकासमोर फार हाल होतात. अभ्यासाला चेन्नईच्या निमी या सरकारी संस्थेची पुस्तकं पुरतात. अभ्यासक्रम भारतस्किल्स पोर्टलवर फुकट मिळतो, त्यासाठी क्लास लावायची गरज नाही.

पुढचं आता रोखठोक. महाराष्ट्रात सरकारी आयटीआयची भरती व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय करतं. २०२२ च्या जाहिरातीत १,४५७ पदं होती आणि परीक्षा दोन टप्प्यांत झाली, एक सर्वांना सारखी आणि दुसरी ट्रेडची. पण अशा जाहिराती दरवर्षी निघत नाहीत. मधल्या काळात बहुतेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात किंवा खासगी आयटीआयत लागतात. तासिकेचे पैसे तासावर, त्यामुळे सुट्टीचा महिना कोरडा. मी शिकवत होतो तिथे बिलं चार-चार महिने अडकायची. घरची जबाबदारी अंगावर असेल तर कंपनी सोडण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

आणि कंपनी सोडतानाच अनुभवाचा दाखला घ्या. लेटरहेडवर, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद आणि नेमकं काम लिहिलेला. नुसतं 'हेल्पर' किंवा 'वर्कर' लिहिलं असेल तर छाननीत वाद होतो, म्हणून 'फिटर', 'टर्नर' असं ट्रेडचं नाव आग्रहाने लिहून घ्या. कंत्राटदाराकडे काम केलं असेल तर पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुकही जपून ठेवा. कंत्राटदार बदलला की दाखल्यावर सही करायला नंतर कुणी सापडत नाही.