नोकरी सांभाळून एलएलबी: आधी या चुका टाळा, मग मला फोन करा

जूनमध्ये डिग्रीचे निकाल लागले की माझा फोन सुरू होतो. "अक्का, नोकरी करत एलएलबी करायचीय. कुठं हजेरी लागत नाही तेवढं सांगा की." फी किती, पेपर कुठल्या भाषेत, पुढं काय, यातलं काही नाही. पहिला प्रश्न हजेरीचा. मी स्वतः बेळगावात, शहापुरातल्या एका पतसंस्थेत काउंटरला होते, छत्तिसाव्या वर्षी पदरात दोन पोरं असताना एलएलबीच्या वर्गात बसले. त्यामुळं विचारणाऱ्याची अडचण मला कळते. पण बारा-पंधरा जणांना तेच तेच सांगून आता घसा बसलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

"फक्त परीक्षेला या"

ही चूक सगळ्यात महाग पडते, तरी दर वर्षी कुणीतरी करतंच.

कायद्याचं शिक्षण आणि वकिली यांचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते. तिचे २००८ चे नियम आहेत. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. नीट वाचा, प्रत्येक विषयात. अगदीच अडचण असेल तर एखाद्या विषयात ६५ पर्यंत सांभाळून घेता येतं, पण तेव्हाही सगळे विषय मिळून ७० भरावे लागतात. वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच. म्हणजे जुने वकील "आम्ही नाईट कॉलेजला शिकलो" म्हणतात ते खरं, पण ते दिवस गेले. पोस्टानं, ऑनलाईन, घरबसल्या मिळालेल्या कायद्याच्या पदवीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये कौन्सिलनं कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी आणि वर्गात कॅमेरे लावायला सांगितलंय. विद्यार्थी नोकरीत असेल तर ते जाहीर करायचं आणि मालकाचं ना-हरकत पत्र जोडायचं.

तरीही प्रत्येक तालुक्यात एक तरी एजंट आहेच.

निपाणीकडचा माझ्या ओळखीचा एक जण सरकारी कचेरीत कारकून होता. त्यानं एजंटाला नव्वद हजार मोजले. कॉलेज दोनशे किलोमीटरवर, वर्षातून दोनदा परीक्षेला जायचं, बाकी "आम्ही बघतो". तीन वर्षं सुरळीत गेली. पास झाला, पेढे आमच्या घरीही आले. मग त्यानं सेवापुस्तकात पदवीची नोंद करून घ्यायला अर्ज केला आणि तिथंच घोडं अडलं. चुलतभावाशी त्याचा बांधाचा वाद. भाऊबंदकीत माणूस शेजाऱ्याचं शेत बघतो तसं शेजाऱ्याचं सेवापुस्तकही बघतो. चुलतभावानं खात्याकडं तक्रार टाकली: हा तीन वर्षं कॉलेजात होता तर कचेरीत कोण बसत होतं? खात्यानं कॉलेजकडून हजेरी मागवली. दोन हजेरीपट शेजारी ठेवले. एकाच दिवशी, एकाच तासाला, माणूस निपाणीच्या खुर्चीतही हजर आणि दोनशे किलोमीटरवरच्या बाकावरही हजर! खातेनिहाय चौकशी लागली, वेतनवाढ रोखली गेली. एजंटाचा नंबर बंद. आणि बांधाच्या दाव्यात हा प्रतिवादी, वादीचे वकील माझे सीनियर, मी त्यांच्याच हाताखाली काम करते. तारखेला मला बघितलं की तो दुसऱ्या दारानं जातो.

त्याला एजंटाविना वाट होती, कामाची वेळ बदलून घ्यायची. पण तिला वेळ लागला असता. लोकांना डिग्री तीन वर्षांत हवी असते, तयारीला तीन महिने मात्र नको असतात.

मी काय केलं ते सांगते. कॉलेजची वेळ बदलता येत नाही, कामाची बदलता येते. आमच्या संस्थेत काउंटर दहा ते सहा, पण पिग्मीची, म्हणजे दुकानादुकानांतून रोज थोडी थोडी गोळा करायच्या ठेवीची, वसुली दुपारनंतर. दुकानदाराच्या गल्ल्यात पैसे जमल्याशिवाय पिग्मी कोण देणार? मी काउंटर सोडून पिग्मीवर बदली मागितली. सकाळी आठला कॉलेज, दुपारी घरी दोन घास, तीनपासून खडेबाजार आणि गणपत गल्ली, रात्री आठला भरणा. पगार गेला, कमिशन आलं, महिन्याचं उत्पन्न तिसऱ्या हिश्शानं घटलं. उद्यमबागच्या फौंड्रीतला माझा एक वर्गमित्र कायमची सेकंड शिफ्ट मागून घेऊन शिकला. सकाळच्या तासाला पेंगायचा, पण बाकावर असायचा.

हजेरीचा हिशेब मी पिग्मीच्या डायरीच्या मागच्या पानांवर ठेवायचे, विषयवार. समजा एका विषयाचे ६० तास झाले, तर ४२ भरायचे, म्हणजे १८ दांड्या आपल्या हातात. पहिल्या महिन्यात मी एकही उडवली नाही. यात्रा, पोराचा ताप, मार्चअखेर, या सगळ्यासाठी त्या राखून ठेवल्या. जे सुरुवातीला "अजून शिकवणं कुठं सुरू झालंय" म्हणून घरी बसतात, तेच शेवटी प्राचार्यांच्या दारात अर्ज घेऊन उभे असतात.

ना-हरकत पत्र प्रवेशाच्या आधी घ्या, लेखी. "साहेब तोंडी हो म्हणालेत" याला कागदावर किंमत नाही. साहेब बदलतात.

नुसती फी विचारणं

फी हा त्यातला छोटा तुकडा. खानापूरहून रोज येणाऱ्यानं जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटरचा प्रवास धरावा. बुडालेला रोज धरावा. तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप, म्हणजे वकिलाकडं वगैरे बसून काम शिकणं, आहे आणि एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे दर वर्षी महिनाभराची रजा कुठून आणणार, हे आधी मांडा. मी तीन वर्षांत एकूण ४१ दिवस एक पैसा न मिळवता काढले. हा आकडा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

कर्ज काढायचं तर बँकेचं शैक्षणिक कर्ज काढा. जुन्या करपद्धतीत त्याच्या व्याजाला आयकरात सूट मिळते, पतसंस्थेच्या कर्जाला ती नाही. हे मी पतसंस्थेतच काम करून, तिथलंच कर्ज काढून शिकले. हसू नका. शिष्यवृत्तीला पात्र असाल तर जात-उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, आधीच काढून ठेवा, पोर्टलची तारीख जवळ आली की तिथं रांग लागते.

रद्दीतली पुस्तकं

जुनी पुस्तकं घेण्याच्या मी विरुद्ध नाही, माझा करार कायदा १८७२ चा आणि पुस्तक तिसऱ्या हाताचं. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांच्या जागी ३५८. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा हे कायदेही बदलले. तरी एका मुलानं गेल्या वर्षी दोनशे रुपयांत "अख्खा सेट" घेतला आणि मला कौतुकानं दाखवला. त्यातली निम्मी पुस्तकं इतिहासाच्या कपाटात ठेवायची. मूळ कायदे सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर फुकट आहेत, सुप्रीम कोर्टाचे निकाल २०२३ पासून कोर्टाच्याच 'ई-एससीआर' या ऑनलाईन संग्रहात फुकट मिळतात. गाईड वाचून पास होता येतं, अर्ज लिहिता येत नाही.

"कन्नड काय करायचंय?"

ही चूक माझी स्वतःची.

आपली बेळगावची लॉ कॉलेजं हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाखाली येतात. पेपर इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहायचा, मराठीत नाही. म्हणून काही जण कोल्हापूरला जातात. तिथलं शहाजी लॉ कॉलेज १९३३ पासूनचं, आपल्या बेळगावचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ चं, परंपरा दोन्हीकडं आहे. महाराष्ट्रात जायचं तर सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पण वकिली बेळगावात करायची असेल तर जी कन्नड टाळून कोल्हापूरला गेलात, ती कोर्टाच्या पायरीवर परत भेटते.

मी इंग्रजीत पेपर दिले आणि निश्चिंत झाले. तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपला सीनियरांकडं बसत होते. येळ्ळूरच्या एक आजी वाटणीच्या दाव्यातल्या हुकमाची नक्कल घेऊन आल्या. सीनियर धारवाडला, हायकोर्टाच्या खंडपीठात. आजी म्हणाल्या, "बघ की गं पोरी, काय लिवलंय." कागद कन्नडमध्ये. अक्षरं लागत होती, बसच्या पाट्या वाचून वाचून तेवढं येतंच. त्यात एक शब्द होता, 'तडेयाज्ञे'. मला नुसते भिंतीचे तडे आठवले. खाली पुढची तारीख दिसली. मी म्हटलं, "काही विशेष नाही आजी, तारीख पडलीय."

तडेयाज्ञे म्हणजे मनाई हुकूम, आणि तो आजींच्याच विरुद्ध झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं शेतात कुंपणाचे खांब रोवले. आठवड्यात समोरच्यांचा हुकूमभंगाचा अर्ज आला. सीनियर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "येत नसेल तर येत नाही म्हणावं. अंदाजानं सांगायला तू ज्योतिषी आहेस काय?" तो अर्ज निस्तरायला चार महिने गेले. आजींनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, मात्र नंतर कागद कधी माझ्या हातात दिला नाही.

त्या दिवसापासून पिग्मीच्या डायरीत रोज पाच शब्द. शिकवणारे माझे खातेदार. खडेबाजारातले एक कापडवाले पन्नास रुपये देता देता मला कन्नड पेपरातली एक बातमी वाचायला लावायचे, चुकले की पैसे परत खिशात. 'दावे' म्हणजे अनेक दावे नव्हेत, एकच दावा. कोर्टाच्या कागदात 'तकरारु' म्हणजे नुसतं भांडण नव्हे, समोरच्याची हरकत. 'विचारणे' म्हणजे सुनावणी. 'तीर्पु' म्हणजे निकाल. अर्धे शब्द ओळखीचे असतात आणि ओळखीचे तेच दगा देतात.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो सुटेपर्यंत तुमच्या अशिलाची तारीख थांबत नाही.

उलट मराठी ही इथं कमाईची गोष्ट आहे, हे कुणी सांगत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. तोवरची कितीतरी खरेदीखतं, वाटणीपत्रं मराठीत आहेत, त्याहून जुनी मोडीत. मराठी, कन्नड आणि थोडी मोडी येणारा वकील वाटणीच्या दाव्यात हातोहात लागतो. मी मोडी आता शिकतेय, रविवारी.

बाकीच्या, पटपट

पदवीला ४५ टक्के लागतात, इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. "साडेचव्वेचाळीस चालतील ना?" मला विचारू नका.

बारावी न करता मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बीए केलं असेल तर बार कौन्सिल ती पदवी धरत नाही. फी भरायच्या आधी बघा. बारावी रीतसर असेल तर मुक्त विद्यापीठाची पदवी चालते.

वयाची अट घालणाऱ्या नियमाला सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये स्थगिती दिली. पन्नाशीतला माणूसही माझ्या वर्गात होता, नोट्स सगळ्यात स्वच्छ त्याच्याच.

एलएलबी करताना दुसरी रेग्युलर डिग्री सोबत उरकू नका.

सनदेच्या नोंदणीला कुणी वीस-पंचवीस हजार सांगितले तर जुलै २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा: ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५.

आणि पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. सनद हातात घेतली की राजीनामा आला. मी पिग्मीची डायरी संस्थेत जमा केली तेव्हा मॅनेजर म्हणाले, मागची पानं फाडून द्या, ऑडिटला बरं दिसत नाही. ती पानं अजून माझ्याकडं आहेत.